सात नंबरची कांदाचाळ

शेवटच्या दुखण्यात बायको मला एकच गोष्ट परत परत विचारायची. "आलं का हो ते छापून?"

मी म्हणायचो, "येईल गं. पड तू."

खरं म्हणजे मी चौकशीच केली नव्हती. तिला दवाखान्यात न्या, आणा, गुरांना वैरण टाका, या धांदलीत कागदाचं कुठं डोक्यात राहतं? मग ती गेली. तेराव्याला पाहुणे जेवून गेले, भांडी घासून पालथी घातली आणि मी ओट्यावर बसलो, तेव्हा तो प्रश्न आठवला. त्या दिवसापासून तो काही मला सोडेना. म्हणून हे लिहायला बसलोय. माझी शाळा चौथीपर्यंत. सून म्हणाली, "आबा, बोलता तसंच लिहा, कोणी मार्क नाय देणार." तसंच लिहितो.

आमचं गाव सायखेड्याजवळ, गोदावरीच्या काठाला. आम्ही उन्हाळ कांदा करतो आणि चाळीत भरतो. शहरातल्या माणसाला चाळ म्हटलं की वेगळंच काही दिसतं, म्हणून सांगतो. आमची चाळ म्हणजे जमिनीपासून उचललेली, बांबूच्या पट्ट्यांची, दोन्ही अंगांनी वारं खेळेल अशी लांबट खोली, वर पत्रा. उन्हाळ्यात कांदा भरायचा आणि पाऊस सरता सरता बाहेर काढायचा. मधल्या महिन्यांत कांदा सडतो, कोंब फुटतात, वजन घटतं. किती जाईल ते कोणी छातीठोक सांगत नाही.

तेच मोजायला नाशिकच्या एका शेतकी कॉलेजातल्या मॅडम आल्या होत्या. संशोधन सरकारच्या पैशाचं होतं. आसपासच्या गावांतल्या दहा चाळी त्यांनी धरल्या. आमचा नंबर सातवा. प्रत्येक चाळीत वीस क्रेट कांदा वेगळा ठेवायचा, क्रेटला नंबर, आणि दर पंधरा दिवसांनी वजन करायचं. सडके किती, कोंबाचे किती, राहिलेला माल किती, सगळं वहीत. वही त्यांनीच छापून दिली, रकाने पाडून.

वही कोणी लिहायची असं मॅडमनी विचारल्यावर मी हात पुढं केला. बायकोनं माझ्या आधी ती उचलली.

"चौथी पास माणसानं पेनाला हात लावू नये," ती म्हणाली. "आकडा लिहील आणि स्वतःलाच वाचता येणार नाय."

ती सातवी शिकलेली. तीन वर्षं जास्त, पण आयुष्यभर मला त्याचा मान द्यावा लागला. अक्षर मात्र खरंच मोत्यासारखं होतं. लग्नाच्या पत्रिकांवर पत्ते लिहायला गावातल्या बाया तिला बोलवून न्यायच्या.

मॅडमनी आमच्या दोघांसमोर एक गोष्ट बजावून सांगितली. मधल्या दिवसांत क्रेटला हात लावायचा नाही. सडका दिसला तरी तिथंच राहू द्यायचा. पंधराव्या दिवशी काढायचा, मोजायचा, वजन करायचं, लिहायचं आणि मगच टाकायचा.

मला हसू आलं. "मॅडम, सडका ठेवायचा? शेजारचे चार नासवील तो."

"नासू द्या काका. किती नासतात तेच तर बघायचंय."

"बघायला कशाला पाहिजे, मी सांगतो की."

"अहो, गप बसा ना," बायको म्हणाली. "त्यांना तुमचं सांगणं नकोय, आकडा पाहिजे."

तिनं ते काम कसं केलं ते मी डोळ्यानं पाहिलंय. पंधरावा दिवस आला की सकाळीच भाकरी उरकायची, हात धुवायचे, चष्मा पदराला पुसायचा. मी क्रेट काट्याला अडकवायचो आणि ती आकडा वाचायची. काटा हलत असला की म्हणायची, "थांबा. श्वास सोडू नका तुम्ही." मी म्हणायचो, माझ्या श्वासानं कांद्याचं वजन वाढतं का? तर म्हणायची, तुमच्या श्वासानं काहीही होतं. काटा अगदी थांबल्याशिवाय लिहायची नाही. वहीला जुन्या वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं आणि ती देवाच्या फळीवर ठेवायची. मला वर हात घालायची बंदी. बचतगटातल्या बायांना सांगून झालं होतं, "माझी वही छापून येणारे."

आता माझं सांगतो. हे सांगायला जड जातंय, पण सांगितलं नाही तर बाकीच्या लिहिण्याला अर्थ नाही.

चाळीस वर्षं झाली, सकाळी उठून चहाच्या आधी मी चाळीला एक फेरा मारतो. डोळ्यांनी बघायची गरज नसते, नाक सांगतं. सडक्या कांद्याचा वास एकदा नाकात शिरला की तो कुठल्या कोपऱ्यातून येतो ते मला अंधारातही कळतं. आणि कळलं की हात थांबत नाही. तो कांदा उचलायचा आणि मागं उकिरड्यावर फेकायचा. माझा बाप हेच करायचा. घरात शिरलेलं कुत्रं जसं आपण विचार न करता हाकलतो, तसं आहे ते.

त्या वीस क्रेटच्या बाबतीत मी चार दिवस दम धरला. पाचव्या दिवशी अकरा नंबरच्या क्रेटमधून पाणी गळत होतं. वरच पडलेला, काळा झालेला. मी मनात म्हटलं, मॅडम पोथीतलं सांगतात, त्यांच्या घरी चाळ नाही. काढला आणि टाकला. नंतर रोज काढायला लागलो. कुणाचं वाईट करतोय असं वाटलंच नाही, उलट माल वाचवतोय असं वाटायचं.

बायकोनं एकदा विचारलं. "अहो, क्रेटला हात लावता का तुम्ही?"

"मी कशाला लावू?" मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं बघितलं आणि भाकरी उलटली. तेवढंच.

पावसाळा सरला. मॅडम येऊन दहाही घरच्या वह्या घेऊन गेल्या. जाताना बायकोचा हात धरून म्हणाल्या, "काकू, तुमच्यासारख्या दहा घरांवर उभं आहे हे काम. छापून आलं की तुम्हाला दाखवते." त्यावर ती जगली म्हटलं तरी चालेल. पुढं दोनेक वर्षं गेली, मग दुखणं आलं आणि मग ती विचारायला लागली.

तेराव्यानंतर महिनाभरानं मी नाशिकला गेलो. सायखेड्याच्या पुलावरून गाडी गेली तेव्हा नदी पानवेलीनं झाकलेली होती. ती दर वेळी त्या पानवेलीला शिव्या द्यायची. या वेळी शेजारची जागा गप्प होती.

मॅडमना बातमी माहीत नव्हती. सांगितल्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला उगाच रडणारी माणसं आवडत नाहीत, पण त्यांचं खरं वाटलं. मी म्हटलं, "छापून आलं का ते विचारायला आलोय. तिनं विचारलं होतं."

"आलंय काका." त्यांनी मान खाली घातली. "बाहेरच्या देशातल्या मासिकात आलंय."

"मग द्या. घेऊन जातो."

"ते असं देता येत नाही. ते विकत घेऊन वाचावं लागतं."

"कांदा आमचा, चाळ आमची, खर्च सरकारचा, आणि वाचायचं विकत?"

त्यांनी चहा मागवला. पुढच्या वेळी बघू म्हणाल्या. चहा पिताना एकदाही माझ्याकडं बघितलं नाही. मला वाटलं, हिचं काम झालं, आता आम्ही कोण.

जिना उतरलो. खाली कॉलेजची लायब्ररी होती. दारात ग्रंथपाल साहेब डबा उघडून बसले होते, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असतील. मी बडबडत उतरत होतो, ते त्यांनी ऐकलं.

"काय झालं बाबा?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी पोळी बाजूला ठेवली.

"अहो, ते तर उघडं करावंच लागतं. सरकारी पैशावर संशोधन झालं की लेखाची शेवटची मान्य प्रत सरकारच्या भांडारात ठेवायची असते, ठरलेल्या मुदतीत. मग मी, तुम्ही, कोणीही फुकट वाचू शकतो. नियमच आहे तो."

"कुठंय भांडार? मी जातो."

ते हसले. "कॉम्प्युटरवर असतं ते. तुमच्या घरी कोणाच्या मोबाइलवरसुद्धा उघडेल."

"मग ठेवलंय का आमचं?"

"नाही ना. मुदत उलटून गेलीय. मी मॅडमना दोनदा मेल केला."

"मेल करून काय होतंय? जिना चढून जा ना वर."

"बाबा," ते म्हणाले, "माझे गुडघे गेलेत. जिना चढायचं तुम्ही बघा."

मी बघितलं. त्यांच्याकडूनच कोरा कागद घेतला आणि अर्ज लिहिला. अर्ज कसा लिहायचा ते ठाऊक आहे, तलाठ्याकडं आयुष्य गेलं. लिहिलं की, माझी बायको सात नंबरच्या चाळीची वही लिहीत होती, ती वारली, तिनं लिहिलेलं कुलपात का ठेवलंय याचं उत्तर द्यावं. खाली सही केली आणि वर नेऊन दिला. मग दर आठवड्याला जायला लागलो. मॅडमच्या खोलीबाहेर बाकडं होतं, त्यावर बसायचो. शिकणाऱ्या पोरी येता-जाता बघायच्या. एक म्हणाली, आजोबा परीक्षेला बसलेत का?

दोन फेऱ्या वाया गेल्या त्या अशा. पहिल्यांदा मॅडमनी मासिकातली छापील पानंच भांडारात टाकली. ग्रंथपालांनी ती काढली. ती सजवलेली पानं मासिकाच्या मालकीची, ती ठेवता येत नाहीत, मासिकानं पसंत केलेली लेखकाची साधी प्रत लागते म्हणाले. मग मॅडमनी दुसरी प्रत पाठवली. ग्रंथपालांनी दोन्ही शेजारी ठेवून बघितल्या आणि मला म्हणाले, "ही आधीची कच्ची प्रत आहे. हिच्यात एक परिच्छेद कमी आहे. जशी मान्य झाली तशीच्या तशी पाहिजे."

माझं डोकं फिरलं. वर जाऊन मी दारातूनच ओरडलो, "मॅडम, तुम्हाला माझ्या बायकोचं काही पडलंय का नाय? मेलेल्या माणसाला किती फिरवायचं?"

खोलीतल्या पोरी उठून बाहेर गेल्या. मॅडम बसून राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "काका, तुम्हाला खरंच वाचायचंय?"

"मग काय पूजा करायचीय त्याची?"

"बरं," त्या म्हणाल्या. "ठेवते."

त्या आठवड्यात ग्रंथपालांचा सुनेला फोन आला, उघडं झालंय म्हणून.

दुपारची वेळ होती. सून बारावी झालेली, इंग्रजी अडखळत का होईना वाचते. आम्ही ओट्यावर बसलो. मी स्वच्छ सदरा घातला होता, का ते विचारू नका. तिनं मोबाइल उघडला. आधी मॅडमचं आणि आणखी कोणाकोणाचं नाव. शेवटी दहा शेतकरी घरांचे आभार. मी म्हटलं, "बरं. पुढं."

"आबा, हे कोष्टक हाय बघा. चाळ एक, दोन, तीन..." तिचं बोट खाली सरकत गेलं. "पाच, सहा, आठ."

"सात?"

"सात नाय यात."

"नीट बघ."

तिनं नीट बघितलं. मग मागं जाऊन एका जागी थांबली, ओठ हलवत दोनदा वाचलं आणि तिचा चेहरा बदलला.

"काय ते सांग."

"लिहिलंय की... सात नंबरच्या चाळीचं वजन घटत गेलं, पण सडक्यांचा आकडा वाढला नाय. दोन्हीचा मेळ बसत नाय. नोंदी अंदाजानं लिहिल्या असाव्यात. भरवशाच्या नाय, म्हणून धरल्या नाय."

मी मोबाइल हातात घेऊन बघितला आणि परत दिला.

"अंदाजानं म्हणे!" सून उसळली. "अहो, सासूबाई भाजीत मीठसुद्धा अंदाजानं टाकत नव्हत्या! मी येऊ का तुमच्यासोबत नाशिकला? बघतेच त्या बाईला."

"तू नको येऊ."

"का पण?"

"मी जातो."

ती आत गेली. मी तिथंच बसलो. वजन घटलं आणि सडके दिसले नाहीत. दिसतील कसे? ते तर उकिरड्यावर होते. मॅडमनी कागदावर बघून जे ओळखलं ते बरोबरच होतं, मेळ बसतच नव्हता. फक्त चोर दुसरा होता. आणि जे कुलपात होतं ते उघडं करा म्हणून महिनाभर बाकड्यावर बसलो तो मीच. आता जगात कुठल्याही माणसानं बघावं, सायखेड्याकडची एक बाई अंदाजे आकडे लिहिते.

चार-पाच दिवस मला घास गिळेना. सून समजली, मॅडमवर राग आहे. मी तिला तसं समजू दिलं. तेही लिहून ठेवतो.

मग गेलो. या वेळी बाकड्यावर बसलो नाही, सरळ आत गेलो आणि उभ्यानंच म्हटलं, "मॅडम, सडके मी काढत होतो."

त्यांनी चष्मा काढला. "काय म्हणालात?"

"तुम्ही हात लावू नका म्हणालात. मी लावला. वास आला की राहवत नाही मला. तिनं विचारलं तर तिलाही खोटं सांगितलं."

"रोज काढत होता?"

"रोज."

"किती?"

"ते मी कुठं मोजले? मोजायला ती होती."

मला वाटलं होतं चिडतील. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "बसा काका." मग पेन उघडमीट करत राहिल्या. म्हणाल्या, आकडे कॉम्प्युटरवर चढवणाऱ्या विद्यार्थिनीनं सांगितलं होतं की सात नंबरचा हिशेब लागत नाही. तेव्हा लेख पाठवायची मुदत जवळ आली होती. "तुमचं गाव तासाभरावर आहे. मी यायला पाहिजे होतं, काकूंना विचारायला पाहिजे होतं. नाही आले. वगळून टाकलं. आणि मग काकूंना काय तोंड दाखवू म्हणून तो लेख मी पुढंच आणला नाही. ती कच्ची प्रतसुद्धा मुद्दाम दिली होती. तुम्ही वाचाल म्हणून."

"मग आता बदला ते."

"नाही बदलता येत. जे मान्य झालं तेच भांडारात राहणार. नियम तोच आहे."

"म्हणजे ती खोटी ठरली ती ठरली?"

त्या उठल्या. भिंतीला लोखंडी कपाट होतं, त्याचं दार ओढून उघडावं लागलं. खालच्या कप्प्यातून दोरीनं बांधलेला वह्यांचा गठ्ठा काढला. वर्तमानपत्राचं कव्हर मी लांबूनच ओळखलं.  घरात तिचे कपडे बघून झालं नव्हतं, ते हे कव्हर बघून झालं.

मॅडम पानं उलटायला लागल्या. आकड्यांचे रकाने झाले की शेवटी एक रुंद रकाना होता, वर "शेरा" छापलेलं. बाकीच्या वह्यांत तो रकाना कोराच असेल. हिच्या वहीत भरलेला होता. बारीक अक्षरात, रकान्याच्या बाहेर न जाता.

मॅडम वाचता वाचता थांबल्या. मग वही माझ्यापुढं फिरवली.

"आज क्रेट ३ व ११ मधून सडके काढलेले दिसले. यांनी काढले असावेत. उकिरड्यावर जाऊन मोजले. १४ भरले. विचारले तर नाही म्हणाले."

खाली पुढच्या तारखेला: "आजही काढले. उकिरड्यावर ९. शेणात दबलेले धरले नाहीत."

प्रत्येक पंधरवड्याला होतं. मी फेरा मारून चहाला बसलो की ती मागं जाऊन उकिरडा चिवडत होती. मला एक दिवस कळलं नाही. शेवटच्या पानावर होतं: "सांगून उपयोग नाही. त्यांचा हात राहत नाही. मॅडमनी हे आकडे मिळवून धरावेत ही विनंती."

त्या विद्यार्थिनीनं रकान्यातले आकडे तेवढे उतरवले होते. शेरा कोण वाचतो?

मॅडमनी कागद घेतला. रकान्यातले सडके आणि शेऱ्यातले सडके मिळवत गेल्या. एक पंधरवडा, दुसरा, पाचवा.  शेवटी त्यांनी पेन खाली ठेवलं आणि कपाळाला हात लावला.

"मेळ बसतो," त्या म्हणाल्या. "अगदी तंतोतंत नाही, शेणात दबलेले गेले. पण बसतो. काका, दहा वह्यांत ही एकच अशी आहे."

मला त्याचा आनंद झाला नाही. कोणाला वाटेल झाला असेल.

पुढचं काम त्यांनी सांगितलं. लेखाला हात लावता येत नाही, पण त्याच्या जोडीला मूळ नोंदी आणि खुलासा ठेवता येतो. वहीची सगळी पानं ठेवायची, शेऱ्यासकट. मासिकालाही दुरुस्ती छापा म्हणून कळवायचं, ते छापतील की नाही हे त्यांच्या हातात नाही. त्यांनी खुलासा लिहायला घेतला आणि मराठीत मला वाचून दाखवला. "सदर चाळीतील सडके कांदे घरातील एका व्यक्तीने वेळोवेळी काढल्यामुळे..."

"व्यक्ती कोण?" मी विचारलं.

"तसं लिहायची पद्धत असते."

"नवऱ्यानं लिहा."

"काका, हे कोणीही वाचू शकेल. गावातलंसुद्धा."

"त्यासाठीच उघडं केलंय ना? पोरगा कामाला बाहेरगावी, घरात ती, मी आणि सून. व्यक्ती लिहिलं तर सुनेवर येईल. नवऱ्यानं काढले, मनाई असताना काढले आणि विचारल्यावर नाही म्हणाला, असं लिहा. आणि वहीत ते नोंदलेलं होतं, ते कोणी वाचलं नाही, हेही लिहा. माझं एकट्याचं नको."

त्या पहिल्यांदा थोडं हसल्या. "लिहिते," म्हणाल्या आणि लिहिलं.

सुनेला मी घरी येऊन सांगितलं. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "म्हणूनच. त्या कधी कधी हात धुऊन धुऊन थकायच्या. मी विचारलं तर म्हणायच्या, तुझ्या सासऱ्याचा पसारा आवरून आले."

पंधरा दिवसांनी खुलासा आणि वही भांडारात लागली. सुनेनं मोबाइलवर लावून दिली. लेख इंग्रजीत, कोष्टकात सात नंबर अजून नाहीच. पण खाली गेलं की वहीची पानं येतात आणि ती मला वाचता येतात. बोटानं मोठी केली की तिचं अक्षर इतकं मोठं होतं की एकेका काना-मात्रेवर पेन कुठं टेकलंय ते दिसतं. मासिकाचं उत्तर अजून आलेलं नाही. ग्रंथपाल म्हणाले, आलं की कळवतो. मी जिना चढायचं बंद केलेलं नाही.

या वर्षीही चाळ भरलीय. सकाळी फेरा मारतो, वास येतो, हात जातो. काढला की उकिरड्यापर्यंत जाऊन उभा राहतो.

एक गोष्ट मात्र कोणाला विचारता येत नाही. तिनं मॅडमना तोंडानं सांगितलं असतं तर ते तेव्हाच सुटलं असतं. नाही सांगितलं. चारचौघांत माझी लाज जाऊ नये म्हणून, की मॅडम शेरा वाचतील असा तिला भरवसा होता म्हणून? आणि शेवटी रोज विचारायची, आलं का छापून. मला वाटायचं तिला तिच्या वहीचं कौतुक. आता वाटतं, ती मला वेळ देत होती. मी एकदा जरी म्हटलं असतं की अगं, ते सडके मीच काढत होतो, तर ती म्हणाली असती, "माहितीये मला, १४ होते."

मी म्हणत राहिलो, "येईल गं. पड तू."